संगणकाचं वायरवालं नेट सारखं जातंय: दुरुस्तीच्या नोंदी

आधी मांडणी, म्हणजे पुढच्या नोंदी कळतील. फायबरच्या डब्यातून एक वायर मुख्य राउटरला येते. हा राउटर नवा आहे, त्याचे सगळे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे. त्यातून एक केबल भिंतीतल्या पाइपमधून साधारण वीस मीटर जाऊन आतल्या खोलीतल्या संगणकाला लागते. दुसरी केबल मागच्या खोलीत जाते. तिथे जुना राउटर ठेवलाय, तिकडे वायफाय पोचावं आणि प्रिंटरला वायर मिळावी म्हणून. संगणकावर विंडोज आहे. ज्यांच्याकडे एका राउटरचे दोन झालेत आणि वायर जुनीच राहिली आहे, त्यांना या नोंदी जास्त उपयोगी पडतील.

४ ऑक्टोबर

काही हलवण्याआधी तक्रार लिहून काढली. "नेट जातं" एवढ्याने काही कळत नाही. कधी जातं, जाताना संगणकावर काय दिसतं, त्याच वेळी बाकीच्यांचं चालू असतं का, परत कशाने येतं, हे चार प्रश्न एका वहीत ओढून त्यांची उत्तरं भरत गेलो.

आत्तापर्यंतची उत्तरं अशी. संगणक झोपेतून उठवला की बऱ्याचदा नेट नसतं. मधूनच चालू कामातही जातं. खाली कोपऱ्यात "नो इंटरनेट" येतं. फोनवर त्याच वेळी सगळं चालू असतं. केबल काढून पुन्हा लावली की कधी येतं, कधी येत नाही. आणि नेट असतं तेव्हाही मोठी फाइल उतरवताना वेग ९४ एमबीपीएसच्या वर सरकत नाही, जोडणी त्याहून कितीतरी वेगवान असताना.

हा ९४ चा आकडा ठळक करून ठेवला. १०० एमबीपीएसच्या इथरनेट लिंकवर डेटा ज्या लहान पाकिटांतून जातो त्यांच्या वेष्टनाचा खर्च वजा जाता हाताशी साधारण ९४-९५ उरतात. वेग नेमका तिथेच अडत असेल, तर बाहेरून येणाऱ्या लाइनला बोल लावण्याआधी घरातली एखादी लिंक १०० वर चालली आहे का ते बघावं.

५ ऑक्टोबर

नेट गेल्यावर खालून वर चढत जाणारी पिंगची शिडी ठरवली. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का, किती वेळात येतं ते बघणं. प्रत्येक वेळी हाच क्रम:

पहिलं, पिंग १२७.०.०.१. संगणकाची स्वतःशी बोलाचाली ठीक आहे का.
दुसरं, आयपीकॉन्फिग चालवून स्वतःचा पत्ता बघणं.
तिसरं, राउटरला पिंग, म्हणजे १९२.१६८.१.१. वायरवर हे उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं.
चौथं, बाहेरचा आकडी पत्ता, ८.८.८.८.
पाचवं, एखाद्या संकेतस्थळाचं नाव.

चौथं चालून पाचवं अडलं तरच डीएनएसकडे, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेकडे, जायचं. नेट गेलं की "डीएनएस बदल" हा सल्ला सगळ्यात आधी मिळतो. शिडी दुसऱ्या पायरीवर तुटत असेल तर त्या सल्ल्यात फक्त संध्याकाळ जाते.

रात्री नेट गेलेलं सापडलं. स्वतःचा पत्ता: १६९.२५४ ने सुरू होणारा. हा पत्ता राउटर देत नाही. राउटरकडे पत्ता मागितला आणि उत्तरच आलं नाही, की विंडोज स्वतःच तो घेऊन बसतं. म्हणजे इथे संगणक आणि राउटर यांच्यात बोलणंच झालेलं नाही. रिलीज-रिन्यू केलं, म्हणजे पत्ता सोडून नवा मागितला, बराच वेळ गेला, मग १९२.१६८.१ चा पत्ता आला आणि नेट सुरू झालं.

७ ऑक्टोबर

संशय संगणकाच्या नेटवर्क कार्डावर, कारण झोपेतून उठल्यावर त्रास जास्त. कार्डाचा ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून नवा घातला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी काढून घेतली. एनर्जी एफिशिएंट इथरनेट ही वीज वाचवणारी सोयही बंद केली. दिवसभर नेट गेलं नाही. रात्री गेलं.

ड्रायव्हर नवा राहू दिला, बाकी सगळं होतं तसं परत केलं. उपयोग न झालेला बदल तसाच ठेवला, तर पुढे कशाने काय झालं ते सांगता येत नाही. हे एकच पथ्य मी या कामात कटाक्षाने पाळलंय: एका वेळी एकच बदल, आणि लागू पडला नाही तर मागे.

८ ऑक्टोबर

आज गोष्ट उलगडायला लागली, म्हणून सविस्तर लिहितो.

सकाळी नेट गेलं. आयपीकॉन्फिग बघितलं तर पत्ता १६९.२५४ नाही, १९२.१६८.०.१०३. तिसरा आकडा शून्य. माझा राउटर १९२.१६८.१ चे पत्ते वाटतो. हा शून्यचा पत्ता दिला कोणी? लिंकचा दिवा व्यवस्थित लागलेला, संगणक म्हणतोय जोडणी आहे, फक्त इंटरनेट नाही. ५ तारखेच्या लक्षणात हे बसत नव्हतं.

दुपारी आई म्हणाली, "तुझं नेट बंद पडलं ना, की माझी प्रिंट निघते बघ. नेट चालू असलं की प्रिंटर सापडतच नाही त्याला." हे ती बरेच दिवस सांगत होती. प्रिंटर म्हणजे लहरी वस्तू, असं म्हणून ते बाजूला पडलेलं होतं. आज जाऊन प्रिंटरच्या पडद्यावर त्याचा पत्ता बघितला: १९२.१६८.०.५०, हाताने भरलेला, जुना राउटर मुख्य होता त्या काळातला. म्हणजे संगणकाला शून्यचा पत्ता मिळाला की तो प्रिंटरच्या वस्तीत जातो आणि प्रिंट निघते. एकचा पत्ता मिळाला की नेट चालतं आणि प्रिंटर दिसेनासा होतो.

मग आयपीकॉन्फिग /ऑल. त्यात "डीएचसीपी सर्व्हर" अशी एक ओळ असते, पत्ता कोणी दिला ते सांगणारी. तिथे १९२.१६८.०.१. ब्राउझरमध्ये हाच पत्ता टाकला तर जुन्या राउटरचं पान उघडलं. खात्रीसाठी एआरपी -ए चालवून त्या पत्त्याचा मॅक क्रमांक, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढला आणि जुन्या राउटरच्या पोटावरच्या चिकटपट्टीशी ताडून पाहिला. जुळला.

कारण असं. नवा राउटर आला तेव्हा जुना फॅक्टरी रीसेट करून मागच्या खोलीत लावला होता. रीसेट झालेला राउटर स्वतःला मुख्यच समजतो, म्हणून त्याचं पत्ते वाटणं चालू. घरात पत्ते वाटणारे दोघे झाले. संगणक "मला पत्ता द्या" अशी हाक सगळ्या जाळ्यात मारतो आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. जुन्याचं उत्तर आधी आलं की बाहेर जायचा रस्ता म्हणूनही तो स्वतःलाच पुढे करतो, आणि त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरची लाइन लागते त्या पोर्टात, तर काहीच लावलेलं नाही.

फोनवर हे कळलं का नाही? फोनलाही शून्यचा पत्ता मिळत असणारच. पण वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. "फोनवर चालू आहे" हा ४ तारखेचा पुरावा त्यामुळे कच्चा ठरला. फोनने तपासायचं असेल तर आधी मोबाइल डेटा बंद करा.

९ ऑक्टोबर

जुन्या राउटरची दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा आहे. तो आधी घरच्या जाळ्यातून काढला आणि लहान केबलने थेट लॅपटॉपला जोडला, म्हणजे आपण नेमक्या कोणाच्या पानावर आहोत याबद्दल शंका नको. मग त्याचा लॅन पत्ता, म्हणजे घरच्या जाळ्यातला पत्ता, १९२.१६८.१.२ केला. मुख्य राउटर १०० ते १९९ वाटतो, त्यामुळे २ कोणाला जायची भीती नाही. हा पत्ता लागू झाला की जुनं पान लटकतं. लॅपटॉपची केबल काढून लावली, नव्या पत्त्यावर पुन्हा शिरलो, आणि मग डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद केलं. उलट क्रमाने केलं, आधी डीएचसीपी बंद आणि नंतर मधेच लॅपटॉपची केबल निघाली, तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि तो हाताने भरावा लागतो.

घरच्या जाळ्यात परत लावताना केबल लॅन पोर्टात, वॅनमध्ये नाही. वरच्या बाजूला कागद चिकटवला: "पत्ता १.२, डीएचसीपी बंद. रीसेट केल्यास पुन्हा बंद करणे."

मुख्य राउटरमध्ये संगणकाच्या मॅक क्रमांकाला एक पत्ता राखून ठेवला. संगणकात हाताने पत्ता भरायचं टाळलं. राखीव पत्त्यांची यादी राउटरमध्ये एकाच जागी राहते. हाताने भरलेला पत्ता कसा विस्मरणात जातो ते प्रिंटरने दाखवलंच आहे.

११ ऑक्टोबर

शून्यचा पत्ता पुन्हा दिसला नाही. नेट मात्र आजही गेलं, आणि पत्ता १६९.२५४ चा. म्हणजे बिघाड दोन आहेत, आणि दोन्हींच्या वेळी पडद्यावर तोच एक "नो इंटरनेट". चुकीचं उत्तर आलं तर शून्यचा पत्ता, उत्तरच आलं नाही तर १६९.२५४. पहिला मिटला. दुसऱ्याकडे आता मोकळेपणाने बघता येईल.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नेटवर्क कार्डाच्या नोंदी चाळल्या. लिंक तुटली, लिंक जुळली, तुटली, जुळली, अशा रांगा. जुळताना वेग १०० एमबीपीएस. ४ तारखेच्या आकड्याचं मूळ इथे.

संगणक की केबल, हे ठरवायला अदलाबदल. भिंतीतून आलेली केबल लॅपटॉपला लावली: तोही १०० वर. मग संगणक उचलून मुख्य राउटरशेजारी नेला आणि लहान, तयार केबलने जोडला: १ जीबीपीएस, आणि सबंध संध्याकाळ लिंक एकदाही तुटली नाही. संगणक हलवायचा कंटाळा येतो, तारांचं जंजाळ सोडवावं लागतं. पण प्रश्नाचे सरळ दोन तुकडे करणारी ही एकच चाचणी आहे आणि मी ती पहिल्याच दिवशी करावी असं सांगेन. कार्ड निर्दोष, राउटरचा पोर्ट निर्दोष. दोष भिंतीतल्या केबलीत.

१२ ऑक्टोबर

केबल उघडायला सुट्टी हवी, तोवर तात्पुरतं म्हणून कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग "१०० फुल ड्युप्लेक्स" असा बांधून टाकला. गिगाबिटसाठीची ओढाताण थांबेल आणि लिंक टिकेल, हा विचार.

लिंक टिकली. पिंग उत्तम. पण मोठी फाइल वर पाठवायला घेतली आणि वेग कोसळला. कारण असं: संगणकाच्या टोकाला वेग बांधला की तो राउटरशी वाटाघाटी करायचं थांबवतो. राउटर मात्र ऑटोवरच असतो. समोरचा १०० वर आहे हे त्याला सिग्नलवरून कळतं, फुल (एकाच वेळी बोलणं-ऐकणं) की हाफ (एका वेळी एकच) हे कळत नाही, आणि नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. एक टोक एकाच वेळी बोलतंय आणि ऐकतंय, दुसऱ्याला तीच टक्कर वाटते. पिंगची चिमुकली पाकिटं यातून निभावतात, भार आला की सगळं बसतं. घरगुती राउटरमध्ये पोर्टचा वेग बांधायची सोय बहुधा नसते, त्यामुळे हा तोडगा एकतर्फीच राहतो. परत ऑटोवर आणलं.

१३ ऑक्टोबर

भिंतीतल्या केबलची दोन्ही टोकं सोडवली आणि केबल टेस्टर लावला. आठ दिव्यांपैकी सातवा लागेना. संगणकाकडचा प्लग जरा दाबला की लुकलुकायचा. सात आणि आठ म्हणजे तपकिरी जोडी. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ एवढ्याच तारा लागतात, गिगाबिटला आठही. तपकिरी जोडी धड नाही म्हणून लिंक १०० वर घसरत होती. जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे होते, त्याला या तारेची गरजच नव्हती. केबल इतकी वर्षं "चांगली" होती ती एवढ्यामुळे.

प्लग कापून नवा बसवला. जुन्या प्लगमधला रंगांचा क्रम जसाच्या तसा ठेवला, दुसरं टोक आपोआप जुळावं म्हणून. टेस्टरवर आठही दिवे, ओळीने.

संगणक जोडला. १ जीबीपीएस आलं. थोड्या वेळाने लिंक तुटली आणि १०० वर आली. नेटस्टॅट -ई या आज्ञेत दिसणारा चुकांचा आकडा फाइल उतरवताना वाढतच होता. आठ दिवे लागूनही केबल नापास. टेस्टर सांगतो की तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे. त्यातून सिग्नल कसा जातो ते त्याला कळत नाही.

१५ ऑक्टोबर

प्लग पारदर्शक असतो, म्हणून उजेडात धरून रंग वाचले: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. जोडीला जोडी लावून, दिसायला नीटनेटका क्रम. दोन्ही टोकांना हाच, म्हणून टेस्टर खूश.

पण इथरनेट जोड्या अशा वापरत नाही. त्याच्या जोड्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८. केबलमध्ये प्रत्येक जोडीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, आणि तीन आणि सहा या एकाच पिळाच्या दोन तारा असायला हव्यात. इथे तीनवर हिरव्या पिळाची तार आणि सहावर निळ्या पिळाची. एका पिळातल्या दोन तारांतून एकमेकींच्या उलट सिग्नल जातात. बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळपास सारखाच पडतो, पलीकडचं टोक दोन्हींतला फरक घेतं आणि गोंगाट वजा होतो. जोडी फुटली की हा बचाव गेला, आणि वर शेजारच्या पिळाचा आवाजही आत शिरतो. वीस मीटरवर १०० एमबीपीएसने हे कसंबसं सोसलं, गिगाबिटने सोसलं नाही. आमची केबल काही अंतर विजेच्या तारांच्या पाइपाशेजारून जाते, त्याचीही भर पडली असावी.

दोन्ही प्लग कापून टाकले. नवा क्रम, टी५६८बी नावाचा प्रमाण क्रम, प्लगची खिट्टी खालच्या बाजूला आणि तारांची टोकं आपल्यापासून लांब ठेवून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे प्लग तारांवर दाबून बसवण्यात, हात बसेपर्यंत काही प्लग वाया जातात, ते जास्तीचे आणून ठेवा. वाया गेलेल्यांतून कळलं ते असं. पीळ तेरा मिलिमीटरहून जास्त सोडवू नये. तारा सरळ करायला सोयीचं म्हणून आपण जास्त सोडवतो आणि मग बाहेरचं वेष्टन प्लगमध्ये शिरत नाही. ते आत शिरायलाच हवं, म्हणजे प्लगची पट्टी वेष्टनाला धरते. नाहीतर ओढ थेट तारांवर येते. सातवी तार अशीच ढिली झाली होती. तारा एकसारख्या कापून आत ढकलल्यावर आठही टोकं प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, त्याआधी दाबायचं नाही. भिंतीतली केबल अखंड तारेची असते आणि लोंबती पॅच केबल बारीक पदरांची. दोन्हींसाठी प्लग वेगळे येतात, घेताना विचारावं. आणि प्रत्येक कापणीत केबल दोन-तीन सेंटिमीटर कमी होते. राउटरच्या टोकाला ढील जेमतेम उरली आहे, तिथला पुढचा प्लग बिघडला तर भिंतीवर सॉकेट बसवून पॅच केबल घ्यावी लागेल.

नवी कॅट ६ ओढायचा सल्ला मिळाला होता. वेष्टनावर कॅट ५ई छापलंय. शंभर मीटरपर्यंत गिगाबिटला ती पुरते. केबल तीच ठेवली.

१८ ऑक्टोबर

मधले दिवस फक्त तपासणी. लिंक १ जीबीपीएस, झोपेतून उठवल्यावरही तीच. रात्रभर राउटरला पिंग -टी, म्हणजे न थांबणारं पिंग, लावून ठेवलं, एकही पाकीट हरवलं नाही. नेटस्टॅट -ई चा चुकांचा आकडा जिथे होता तिथेच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लिंक तुटल्याची नवी नोंद नाही.

वेग मात्र इंटरनेटच्या वेगचाचणीने मोजला नाही, त्यात बाहेरची लाइनही येते. लॅपटॉप वायरने मुख्य राउटरला लावला आणि संगणकावरून त्यावर एक मोठी फाइल पाठवली. सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास. १०० च्या लिंकवर ही कॉपी ११ च्या पुढे गेली नसती. दोन्हीकडे एसएसडी आहे. जुनी हार्ड डिस्क असेल तर तिचाच वेग आडवा येऊ शकतो, तेव्हा आकडा कमी दिसला म्हणून लगेच केबल कापायला जाऊ नका.

१९ ऑक्टोबर

प्रिंटर राहिला होता. शून्यची वस्ती उठल्यापासून त्याला कोणीच सापडत नव्हतं, आणि आईची कागदपत्रं अडली होती. प्रिंटरच्या पडद्यावरून हाताने भरलेला पत्ता काढला, आपोआप घेण्यावर ठेवला, मुख्य राउटरमध्ये त्याच्या मॅक क्रमांकाला १९२.१६८.१.१५० राखून दिला. संगणकावरचा जुना प्रिंटर काढून नव्या पत्त्याने जोडला, नाहीतर विंडोज जुन्या पत्त्यावरच हाका मारत बसतं.

नेट चालू असताना चाचणीचं पान छापलं, निघालं. मग आईची कागदपत्रं.